लायलॅक, पारिजातक आणि महाराजपूरचे अंगण

आपले मंडळ पन्नास वर्षांचे होत आहे. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी जबलपूरच्या मराठी वस्तीविषयी काही ऐतिहासिक लिहावे, अशी सूचना मला करण्यात आली. मी मंडळाचा सभासद नव्हे. सभासद असलेल्या एका मुलीचा बाप आहे, एवढाच माझा अधिकार. लिहावयास बसलो तेव्हा भोसल्यांच्या अंमलापासून आरंभ करावा असा विचार होता. पण लेखणी वारंवार वळू लागली ती अंगणातल्या एका मोकळ्या वाफ्याकडे. त्या वाफ्यात मी तीन वर्षे लायलॅकचे झुडूप जगवण्याचा यत्न केला आणि हरलो. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. हा इतिहास आहे खरा, परंतु तो माणसांइतकाच एका झुडपाचा आहे.

प्रथम स्थळ सांगतो. जबलपूर शहरातून उत्तरेकडे पनागरच्या वाटेला लागले की आधारताल लागते. राणी दुर्गावतीच्या आधारसिंह नावाच्या मंत्र्याने हा तलाव बांधविला, अशी परंपरा आहे. त्याच्या पलीकडे महाराजपूर. पूर्वी हे शेताभातांचे गाव होते. आता शहराने त्याला पोटात घेतले आहे. जबलपुरात मराठी सत्ता आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, पुढे १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांनी तो जिंकला. सत्ता गेली, माणसे मात्र येतच राहिली. रेल्वे आली, कचेऱ्या आल्या, १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. त्या कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने माझे आजोबा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वऱ्हाडातून येथे आले. परत जाऊ, परत जाऊ, असे म्हणत त्यांनी येथेच देह ठेवला. वडिलांनी महाराजपुरात घर बांधले आणि आईने दाराशी पारिजातक लावला. सांगावयाचे इतकेच की, वाचकहो, परमुलखात अंगण मांडण्याचा हा खटाटोप आमच्या घराण्याने तुमच्या आधी तीन पिढ्या केलेला आहे.

माझी मुलगी ऑन्टारिओ सरोवराच्या काठी राहावयास गेली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. एका मे महिन्यात मी आणि सौ. तिच्याकडे गेलो. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पुरुषभर उंचीचे एक झुडूप फिक्या जांभळ्या तुऱ्यांनी ओथंबले होते. पान पिंपळपानाच्या घाटाचे, पण लहान. फूल चार पाकळ्यांचे. आणि वास असा की संध्याकाळी खिडकी उघडली म्हणजे फोडणीचा वासही मागे सरावा. नातवाने मला हाताला धरून तेथे नेले आणि तो म्हणाला, "आजोबा, हे आमचं झाड." त्याच्या त्या 'आमचं' शब्दाने मला आनंद झाला आणि किंचित टोचलेही. कारण मी त्याला दाखविणार होतो तो पारिजातक येथून सात समुद्रांपलीकडे होता.

त्याच मुक्कामात आम्ही रॉचेस्टर येथील हायलंड उद्यान पाहिले. तेथे जॉन डनबार या उद्यानतज्ज्ञाने १८९२ साली लायलॅकचे वीस प्रकार लावले. आज तेथे पाचशेहून अधिक प्रकारांची बाराशेवर झुडपे आहेत आणि १८९८ पासून दर वसंतात ती पाहण्यास लोक जमतात. टेकडीच्या उतारावर पांढरी, गुलाबी, निळसर, गर्द जांभळी अशी झुडपांची रांग उभी होती. ती पाहताना मी मनाशी ठरविले की हे एक तरी रोप महाराजपुरात लावावयाचेच. सुटीत नातू येईल तेव्हा त्याला तेथेही 'आमचं झाड' दिसले पाहिजे.

परत आल्यावर मी या झाडाविषयी मिळेल ते वाचू लागलो. पहिला धक्का बसला तो नावाचा. 'लायलॅक' हा शब्द आपण इंग्रजी समजतो. त्याचे मूळ आपल्या 'नील' या संस्कृत शब्दात आहे. 'नील' फारसीत 'नील' म्हणूनच गेला. त्यावरून 'निळसर' या अर्थी 'नीलक' झाला आणि 'नीलक'चा 'लीलक'. अरबी आणि तुर्की भाषांतून तो फिरला, स्पॅनिश-फ्रेंच वळणाने सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत पोहोचला. म्हणजे मराठी बाई ज्या रंगाला 'निळा' म्हणते आणि रॉचेस्टरची बाई ज्या फुलाला 'लायलॅक' म्हणते, ते दोन्ही शब्द एकाच आईची लेकरे आहेत.

झाडाचा प्रवास मात्र वेगळा. ऑजियर द बुस्बेक हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा वकील म्हणून सुलतान सुलेमानच्या दरबारी होता. १५६२ साली तो इस्तंबूलहून परतला आणि त्याच्या मार्फत हे झुडूप व्हिएन्नाच्या बागांत आले. १५६५ साली मात्तिओली या इटालियन वैद्याच्या ग्रंथात त्याचे चित्र छापले गेले. तुर्कांकडून आले म्हणून युरोपीय लोक त्याला दीर्घकाळ पौर्वात्य समजत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बाल्कन प्रदेशाच्या डोंगरकड्यांवर रानटी अवस्थेत उगवलेले आढळले, तेव्हा उलगडा झाला की ते मुळात युरोपचेच आहे. घरचेच झाड परदेशी वेष घेऊन, परदेशी नाव लावून घरी आले होते आणि घरच्यांनी त्याला ओळखले नव्हते.

आता दुसरी घटना पाहा. बुस्बेकचे लायलॅक व्हिएन्नात रुजत होते त्याच सुमारास, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापून निघाला. त्यात एक संवाद 'दुःखी वृक्षा'वर आहे. हा दुःखी वृक्ष म्हणजे आपला पारिजातक. रात्री फुलतो आणि सूर्य दिसताच फुले ढाळतो, म्हणून त्याला दुःखी म्हटले. सूर्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्याने अव्हेरलेल्या राजकन्येची कथाही ओर्ताने तेथे दिली आहे. पुढे लिनिअसने त्याचे शास्त्रीय नाव ठेवताना हा 'दुःखी वृक्ष' कायम केला.

या दोन घटना मी शेजारी ठेवतो, त्याला कारण आहे. लायलॅक आणि पारिजातक एकाच कुळातील आहेत. जाई, जुई, मोगरा, कुंद, चमेली, ऑलिव्ह आणि विलायती ॲश हेही त्याच कुळातील. पारिजातकाच्या कुळाविषयी शास्त्रज्ञांत पूर्वी मतभेद होते. आता त्याला येथेच स्थान मिळाले आहे. फारसी भाषेत तर 'यास' हा शब्द चमेलीला लावतात आणि जांभळा यास म्हणजे लायलॅक. तेथील माळ्यांच्या नाकाला जे कळले होते तेच पुढे शास्त्राने सिद्ध केले. मुलीच्या खिडकीशी जे झाड उभे होते ते माझ्या आईच्या पारिजातकाचे दूरचे भावंड होते, हे मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर समजले.

युरोपातून हे झुडूप अमेरिकेत गेले ते वसाहतकारांच्या सामानातून. टॉमस जेफरसनच्या बागेच्या वहीत १७६७ साली लायलॅकची नोंद आहे. याच्या प्रसाराचे रहस्य असे की, त्याच्या मुळांतून धुमारे फुटतात. एखादा धुमारा मुळासकट खणून काढावा आणि शेजारणीला द्यावा, की तिच्या दारी नवे झाड उभे राहते. आपल्याकडे मोगऱ्याची दाबकलमे अशीच घरोघर जातात. फ्रान्समधील नॅन्सी गावच्या व्हिक्टर लेम्वानने १८७० नंतर यातून दुहेरी फुलांचे अनेक वाण निर्माण केले. त्याची दृष्टी मंदावली होती आणि हात थरथरत. म्हणून फुलाफुलांवर परागसिंचनाचे नाजूक काम शिडीवर चढून त्याची पत्नी करीत असे. आज ज्यांना जग 'फ्रेंच लायलॅक' म्हणते त्यांच्या मागे त्या माउलीचे हात आहेत. कॅनडात ओटावा येथे इझाबेला प्रेस्टन हिने १९२० च्या सुमारास दोन आशियाई जातींचा संकर करून कडाक्याची थंडी सोसणारे आणि उशिरा फुलणारे वाण सिद्ध केले. १९४७ साली एल्विन मीडर या शास्त्रज्ञाने कोरियातील डोंगरावरून बी आणले. त्यातून निघालेले 'मिस किम' हे ठेंगणे झुडूप आपल्यापैकी कित्येकांच्या दाराशी असेल.

न्यू हॅम्पशायर राज्याने १९१९ साली लायलॅक हे आपले राज्यपुष्प ठरविले. हे झाड तेथील रानचे नव्हे. ते बाहेरून आले, थंडीला पुरून उरले आणि लोकांनी त्याला आपले म्हटले. याच भागात, शेतकरी गाव सोडून गेले त्या ठिकाणी, रानात चालताना अचानक लायलॅकचे झुडूप दिसते, असे सांगतात. शोधले म्हणजे शेजारी कोसळलेल्या घराचा पाया आणि उंबऱ्याचा दगड सापडतो. घर गेले, माणसे गेली, पण दाराशी लावलेले झुडूप शंभर वर्षे फुलत राहिले. हे वाचल्यापासून मला आमच्या घराचा विचार सोडीना. माझ्यामागे महाराजपूरच्या या घरात कोण राहणार, या प्रश्नाला आज माझ्यापाशी उत्तर नाही.

असो. आता माझ्या पराभवाची हकीकत. परदेशातून रोप आणावयाचे तर संसर्गप्रतिबंधाचे नियम आहेत, आणि ते असावेतही. झाडाबरोबर कीड आणि रोगही येतात. म्हणून मी तो मार्ग सोडला. माझा पुतण्या सैन्यात आहे. त्याने हिमाचलच्या थंड भागातून दोन रोपे आणून दिली. पहिल्या वसंतात दोघांनाही पाने फुटली. घरात जणू बारसे असल्यासारखा आनंद झाला. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांवर गेला आणि पानांच्या कडा करपल्या. गोणपाटाची सावली केली, दोन वेळा पाणी घातले. दुसऱ्या वर्षी एक रोप गेले. उरलेल्याला पाने आली, कळी आली नाही. तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात काळ्या जमिनीत पाणी साचून त्याचे मूळ कुजले.

कारण समजून घेतले तेव्हा कळले की दोष उन्हाळ्याचा जितका, तितकाच हिवाळ्याचा. लायलॅकची कळी आदल्या उन्हाळ्यात धरते आणि मग झोपी जाते. ती जागी व्हावयास दीड-दोन महिन्यांची सलग थंडी लागते. पारा सात अंशांच्या खाली इतका काळ राहिला, तरच झाडाला हिवाळा संपल्याची खूण पटते. आमच्या जबलपुरास जानेवारीच्या पहाटे आठ-दहा अंश असतात आणि दुपारी पंचवीस. त्या झाडाच्या हिशेबाने येथे हिवाळा आलाच नाही. मग वसंत कोठून येणार? आपल्या हिमालयात याची एक रानटी जात आहे. ग्रीक लोक हिमालयाला 'एमोडस' म्हणत, त्यावरून तिचे शास्त्रीय नाव पडले. पण तीही सात हजार फुटांच्या वर, काश्मीरपासून नेपाळच्या पश्चिम भागापर्यंत राहते. सपाटीवर उतरत नाही.

आमचा माळी हे सारे तीन वर्षे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "बाबूजी, सावनी लगा लीजिए। यहाँ वही चलेगी।" मला प्रथम राग आला. मग पुस्तक उघडले तर त्यात सावनीला इंग्रजांनी दिलेले नाव होते 'इंडियन लायलॅक'! तेव्हा ध्यानात आले की माझ्यासारखा घरच्या आठवणीने व्याकुळ झालेला मनुष्य मी पहिला नव्हे. इंग्रज येथे आले, त्यांनाही त्यांच्या दारचे लायलॅक येथे दिसेना. मग त्यांनी येथल्या झाडांनाच ते नाव दिले. बकाण निंबाला फिक्या जांभळ्या, सुवासिक फुलांचे घोस येतात, म्हणून तो 'पर्शियन लायलॅक'. कडुनिंबालाही 'इंडियन लायलॅक'. आणि त्या निंबाचे शास्त्रीय नाव काय, तर फारसी 'आज़ाद दरख्त' म्हणजे मुक्त वृक्ष, त्याचे लॅटिन रूप. यांपैकी कोणाचाही खऱ्या लायलॅकशी कुळाचा संबंध नाही. संबंध आहे तो केवळ ओढीचा. परक्या झाडात घरच्या झाडाचा भास पाहणारी ती माणसे राज्यकर्ती होती हे खरे. पण नाव ठेवताना ती केवळ घरापासून दूर असलेली माणसे होती.

सावनी मूळची चीनमध्ये शतकानुशतके जोपासलेली. ती ताम्हणाची धाकटी बहीण. ताम्हण हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प; त्याचाही रंग तोच, लायलॅकचा. म्हणजे न्यू हॅम्पशायरने आणि महाराष्ट्राने एकमेकांना न विचारता एकाच रंगाची निवड केली. ताम्हणाला मोठी जागा लागते. सावनी मात्र अंगणात मावते, कडक ऊन सोसते आणि उन्हाळ्यापासून पावसाळाभर फुलते.

येथे एक बाब बागकाम करणाऱ्यांच्या उपयोगाची म्हणून सांगतो, कारण तिच्यात पुष्कळजण फसतात. सावनीला फूल येते नव्या फुटीवर. म्हणून तिची छाटणी हिवाळ्यात करावी. जितकी बेताने छाटाल तितकी ती फुलेल. लायलॅकला फूल येते जुन्या फांदीवर. त्याची छाटणी फुले ओसरताच लगेच करावी. गुलाबाच्या सवयीने जानेवारीत कात्री लावली तर आदल्या वर्षी धरलेल्या साऱ्या कळ्या कापल्या जातात आणि मग वसंतात मनुष्य झाडाला दोष देत बसतो. तुम्हा मंडळींच्या अंगणात लायलॅक असेल तर त्याला सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या, पाणी साचू देऊ नका, माती आंबट असल्यास थोडा चुना घाला आणि खत जपून वापरा. फार पोसले तर पाने माजतात, फूल रुसते. नवे रोप पहिली तीन-चार वर्षे फुलले नाही तरी धीर सोडू नका. आणि दर वर्षी मुळाशी फुटणारे धुमारे फेकून देऊ नका. नव्याने आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या दारी ते लावून द्या.

हा रिवाज आमच्या जबलपूरच्या भूमीत जुना आहे. कर्नल स्लीमन हा इंग्रज अधिकारी ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध आहे. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने जबलपूर जिल्ह्यातील लोकांनी स्वतःच्या पैशाने बांधलेले तलाव आणि विहिरी व लावलेल्या आमराया यांची कौतुकाने नोंद केली आहे. आमराई लावणाऱ्याने तिच्यातील एका आंब्याचे दुसऱ्या झाडाशी विधिपूर्वक लग्न लावावयाचे. तोवर फळ चाखावयाचे नाही, अशी येथील चाल त्याने लिहून ठेविली आहे. झाडाची सोयरीक जुळली पाहिजे, ते एकटे असू नये, ही त्यामागची भावना. स्वतःच्या हयातीत सावली मिळणार नाही हे ठाऊक असूनही म्हातारी माणसे रोपे लावीत.

त्या मोकळ्या वाफ्यात मी गेल्या आषाढात सावनी लावली. लायलॅक म्हणून नव्हे, सावनी म्हणूनच. तिच्यावर दुसऱ्याचे नाव लादावे असे मला वाटेना. पलीकडे आईचा पारिजातक आहे. त्याचे बुंधे आता खडबडीत झाले आहेत, पण आश्विनातल्या पहाटे सडा तोच पडतो. पारिजातकाच्या बिया मी मुलीला पाठवू शकत नाही. पाठविल्या तरी तुमच्या बर्फात तो उघड्यावर टिकणार नाही. लायलॅक येथे येणार नाही, पारिजातक तेथे जाणार नाही. दोन्ही भावंडांना आपापला ऋतू सोडवत नाही. आजवर मला याचे दुःख होत होते.

गेल्या दिवाळीत नातू आला होता. आता तो माझ्या खांद्याला लागतो. त्याचे मराठी अडखळते, पण तो थांबत नाही. पहाटे त्याला उठवून मी पारिजातकाखाली नेले. त्याने एक फूल उचलले, नाकाशी धरले, देठाचे केशर बोटाला लावून पाहिले आणि विचारले, "आजोबा, हे याच घराचं झाड का?" मी त्याला सांगितले की हे तुझ्या पणजीने लावले आहे आणि तुझ्या खिडकीतल्या झाडाचे हे नात्याने लागते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दोन्ही आमचीच."

या घरात पुढे कोण राहील ते मला ठाऊक नाही. कदाचित घर विकले जाईल. नवा मालक पारिजातक ठेवील किंवा तोडील. परंतु कोणत्या झाडाखाली आपण कोणाचे आहोत, हे त्या मुलाला ठाऊक आहे. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे परक्या थंडीत जे केले ते याहून फार निराळे आहे असे मला वाटत नाही. मंडळाला माझे आशीर्वाद. यंदाच्या मे महिन्यात तुमचे लायलॅक फुलले म्हणजे एक तुरा महाराजपूरच्या नावाने अवश्य हुंगावा.